पट्टी का तुटते

४ जून, गुरुवार

जर्मनीहून आणखी एक मेल. तिकडच्या कंपनीचा तपासनीस, डिर्कसेन, इतका सभ्य लिहितो की वाचताना डोकं उठतं. "आपल्या कूलरने प्रवासात पुन्हा एकदा आपली जागा सोडलेली दिसते." जागा सोडली म्हणे! जसा काही तो उठून चहा प्यायला गेला. सोबत फोटो. संगणकाचा डबा उघडलेला, आत आमचा किलोभर वजनाचा कूलर आडवा, आणि त्याच्याखाली चिरडलेला मदरबोर्ड.

संध्याकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. त्यांनी आजच विचारायचं होतं, "शिउछिन, तू कंपनीत नक्की करतेस तरी काय गं?"

मी म्हटलं, "आजी, संगणकाचा मेंदू तापतो. तो गार राहावा म्हणून त्याच्या डोक्यावर धातूचा जड मनोरा बसवतात. मनोरा पडू नये म्हणून बोर्डाच्या पाठीमागे एक प्लास्टिकची पट्टी असते. पट्टीत चार नट, पुढून चार स्क्रू. ती पट्टी आणि ते स्क्रू, हे माझं काम."

आजींनी विचार केला. "मग आता पडत नाही ना?"

मी दुसऱ्या मजल्यावरच उतरले आणि जिन्याने गेले.

तुटते ती पट्टी. स्क्रू नाही, नट नाही, माझं गणित तर नाहीच नाही. पट्टी तुटते, नटाजवळून चिरत जाते. आणि पट्टी ओततो कोण? सानछोंग भागातल्या एका गल्लीतला फान जिनशुइ, म्हणजे चार वर्षांपूर्वीपर्यंतचा माझा नवरा. एकदाच लिहून ठेवते: याचा आणि त्याचा काही संबंध नाही. प्रश्न निव्वळ तांत्रिक आहे.

९ जून, मंगळवार

दिवसभर प्रयोगशाळेत. झुओ तिथली मुख्य. वीस वर्षं वस्तू मोडण्याचा पगार घेते आणि त्यात तिला अजून मजा येते. तिने जिनशुइच्या पट्ट्या ओढल्या, हलवल्या, कूलर लावून पाडल्या. एकही तुटली नाही.

"चांगल्या आहेत की," ती म्हणाली.

"नट बसवून, गोंद लावून बघितल्यास का?"

"नट बसवले. गोंद नाही. ते निळं माझ्या बोटांना चिकटतं, दोन दिवस जात नाही. मजबुती पट्टीची बघायची ना? गोंदाने झाली तर जास्तच मजबूत होईल."

हे खरंच. तो निळा थेंब माझाच. पूर्वी स्क्रू आवळताना नट पट्टीत गरागरा फिरायचे. मार्चमध्ये मी प्रत्येक नटाखाली एक थेंब टाकायला सुरुवात केली आणि ती तक्रार कायमची संपली. आमचे मालक लिआव साहेब यांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. आमच्या कंपनीत टाळ्या म्हणजे काय ते कंपनीतल्यांनाच ठाऊक.

तेव्हा निष्कर्ष सरळ आहे. जिनशुइ नमुने जीव ओतून काढतो आणि माल काढताना ढिलाई करतो. या जातीच्या प्लास्टिकचे दाणे ओतण्याआधी नीट सुकवावे लागतात, नाहीतर वस्तू ठिसूळ होते. सुरुवात उत्तम, पुढे आनंदीआनंद. लग्नातही असंच होतं. (हे वाक्य तांत्रिक नाही. असू दे.)

१० जून, बुधवार

त्याला फोन केला.

"दाणे सुकवतोस का?"

"सुकवतो. काका सुकवतात. रोज."

"मग पट्टी का तुटते?"

मागे मशीनचा आवाज.

"तू बघितलंस?" त्याने विचारलं.

"बघितलं."

"मग दाण्यांचंच असेल."

अठरा वर्षं मी हेच ऐकलं. कोणता फ्लॅट घ्यायचा? तू म्हणशील तो. तुझ्या आईला माझं वागणं खटकतंय का? तू म्हणतेस तर असेल. वेगळं व्हायचं का? तू म्हणतेस तर. माणसाने निदान एकदा तरी फोन आपटावा! मीच आपटला.

२३ जून, मंगळवार

जिनशुइने सगळा माल नव्याने ओतून दिला. नवे दाणे, एक पैसा न घेता. स्वतःच टेम्पो घेऊन आला, खोकी उतरवली, पहारेकऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि वर न येता निघून गेला. झुओ खिडकीतून बघत होती. "बारीक झालाय गं."

"चूक नसलेला माणूस फुकट माल देतो का?" मी म्हटलं.

"काही काही देतात," ती म्हणाली. झुओला कोड्यात बोलायची खोड आहे.

नव्या पट्ट्यांवर मी स्वतः उभं राहून नट बसवून घेतले. प्रत्येकाखाली थेंब, एकही चुकवला नाही. चष्म्याची काडीही आज तिसऱ्यांदा सुटली. बिनचौकटीचा चष्मा घ्यायला कुणी सांगितलं होतं, काचेला भोक पाडून त्यात इवलासा स्क्रू! बाटली हातातच होती, दोन्ही बाजूंना एकेक थेंब सोडला. आता हलू दे.

१४ जुलै, मंगळवार

नवीन पट्ट्याही चिरल्या. या वेळी जर्मनीपर्यंत जायचीही गरज पडली नाही. माझ्या टेबलावर कूलर लावून ठेवलेल्या, जेवणाच्या सुट्टीत "टक्" झालं. डब्यातला भाताचा घास तोंडाशी तसाच. कोबी गार झाला.

दुपारी अहवाल लिहिला. दाण्यांत ओल, सुकवण्यात हयगय, पुरवठादार बदलण्याची शिफारस. झुओने वाचला आणि म्हणाली, "तुझा घटस्फोटाचा कागद याच्या निम्मा होता."

"हा तांत्रिक अहवाल आहे."

"हो का? 'स्वभावगत निष्काळजीपणा' हे कोणत्या यंत्राने मोजलंस?"

ते दोन शब्द काढले. बाकी तसाच लिआव साहेबांकडे पाठवला, त्यांनी तसाच डिर्कसेनला. संध्याकाळच्या आत डिर्कसेनचं उत्तर: "आपल्या स्पष्टतेबद्दल आभारी आहोत." आयुष्यात पहिल्यांदा तो मला आवडला.

२१ जुलै, मंगळवार

पट्टीचा साचा सानछोंगहून उचलून थाओयुआन शहरातल्या एका मोठ्या कारखान्यात हलवला. साचा आमच्या मालकीचा, तेव्हा हक्क आमचा. ट्रकबरोबर मी गेले. कुणीही गेलं असतं तरी चाललं असतं, पण साचा ओळखणारं कुणी नको का?

शटर अर्धं वर. आत तीच गरम प्लास्टिकची हवा, तोच पंखा. जिनशुइने साचा आधीच पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवला होता. मी वादाची पूर्ण तयारी करून गेले होते. मुद्दे पाठ केले होते.

तो म्हणाला, "डावीकडची पिन जरा नाजूक आहे. त्यांना सांग."

"आणखी काही बोलायचंय?"

"नाही. तू म्हणालीस म्हणजे नीट बघूनच म्हणाली असशील."

मशीनशेजारी सुकवणीचं यंत्र पूर्ण उघडून टाकलेलं, सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले. म्हणजे यंत्रात बिघाड होता, हे त्याला आता कळलं तर! आछाय काका कुठे दिसले नाहीत. ते त्याच्या वडिलांचे धाकटे भाऊ, दाणे सुकवायचं काम तेच बघायचे. "काकांना घरी बसवलं," तो म्हणाला आणि ट्रकच्या दोऱ्या आवळायला वाकला.

योग्यच केलं. सत्तरी उलटलेल्या माणसाने मशीनजवळ राहू नये.

जेवण गेलं नाही. उकाडा फार.

५ ऑगस्ट, बुधवार

थाओयुआनच्या पट्ट्याही चिरल्या.

थाओयुआनच्यासुद्धा! नवी यंत्रं, संगणकावर चालणारी सुकवणी, पांढरे कोट घातलेली माणसं. मी त्यांना फोन करून ओरडले. ते म्हणाले, बाई, आमच्याकडून कोऱ्या पट्ट्या ठणठणीत जातात, तुमच्याकडे गेल्यावर काय होतं ते तुम्ही बघा. उद्धट लोक! जिनशुइ निदान असं कधी बोलला नसता.

लिआव साहेबांनी जोडणीच्या यंत्रावर हिरव्या वेष्टनातली खाऊची पुडी ठेवली, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इकडे सगळेच ठेवतात तशी. पुडीची तारीख उलटून गेलेली होती. मी दाखवून दिलं. ते माझ्यावरच चिडले.

११ ऑगस्ट, मंगळवार

वादळाने शनिवारी शहराची वाट लावली. झाडं आडवी, नळाला गढूळ पाणी. आणि आज सकाळी माझ्या चष्म्याची उजवी काच तडकली. पडली नाही, आपटली नाही. नाकावर असताना तडकली.

तणतणत चष्मेवाल्याकडे गेले. "वर्षही झालं नाही. ही काच की बिस्किट?"

तो म्हणाला, "काच नाहीच ती, प्लास्टिक आहे. तुम्ही काही लावलंत का याला?"

"काही नाही लावलं. तुमचा माल वाईट आहे. दाणे नीट सुकवत नसतील तुमचे लोक."

"दाणे?"

"तुम्हाला नाही कळायचं. आणा इकडे, मी दाखवते." मी त्याच्या काउंटरवरचं भिंग ओढून घेतलं आणि काच खाली धरली. चीर भोकापासून निघालेली. भोकाभोवती बारीक बारीक, पंख्यासारख्या पसरलेल्या रेषा. आणि स्क्रूच्या कडेला वाळलेलं निळं.

दुसऱ्या बाजूलाही तेच. अजून तुटली नव्हती, तुटायच्या बेतात होती.

चष्मेवाला म्हणाला, "बाई? बसता का जरा?"

बसले. त्याने पाणी दिलं. पाणीही गढूळ होतं.

१२ ऑगस्ट, बुधवार

जुना चष्मा लावून गेले, लांबचं सगळं धूसर. जिनशुइच्या कारखान्यातल्या उरलेल्या दोन कोऱ्या पट्ट्या घेतल्या. दोन्हींना सारखेच नट, सारखाच ताण. एकीला थेंब, एकीला नाही. झुओला काही सांगितलं नाही, पण ती खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली.

थेंबवाली दुपारच्या चहाच्या आधी चिरली. दुसरी अजून शाबूत आहे. उद्याही असेल. दहा वर्षांनीही असेल.

झुओने गोंदाच्या खोक्यातला कागद काढला, कारण बारीक अक्षर मला दिसत नव्हतं. मोठ्याने वाचलं: काही प्रकारच्या प्लास्टिकवर लावू नये, तडे जाण्याची शक्यता. मग तिने कागद घडी करून परत ठेवला. मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार. वीस वर्षांत इतकी सोपी संधी तिला कुणी दिली नसेल. ती म्हणाली, "मीही कोऱ्याच पट्ट्या तपासल्या. बोटांना चिकटतं म्हणून."

त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

१३ ऑगस्ट, गुरुवार

लिआव साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावलं, स्वतःच्या हाताने चहा केला, मग म्हणाले, "छान. म्हणजे आता कारण कळलं. गोंद बंद करा, पट्टी पोलादाची करा, आणि जर्मनांना सांगा की आम्ही सुधारणा केली."

"आणि अहवाल?"

"अहवालाचं काय? गेला तो. त्यांना पटला. शिउछिनबाई, पुरवठादाराची चूक म्हटलं की ते पुरवठादार बदला म्हणतात. आमच्या अभियंत्याची चूक म्हटलं की ते आम्हालाच बदलतील. इथे तीस माणसं कामाला आहेत."

"पण त्याची चूक नव्हती."

"फान साहेबांनी काही तक्रार केलीय का?"

नाही. तोच तर वैताग आहे. त्याने तक्रार केली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, वकिलाची नोटीस पाठवली असती, तर मी जूनमध्येच चिडून त्याला खोटं पाडायला बसले असते आणि त्या नादात खरं काय ते शोधून काढलं असतं. त्याने मान डोलावली आणि मी निवांत राहिले.

१५ ऑगस्ट, शनिवार

सानछोंगला गेले. शटर अर्धं वर. तो आत एकटाच, सुकवणीच्या यंत्राचे भाग पुन्हा जोडत बसलेला. मला बघून उठला आणि स्टूल पुसलं.

मी उभ्यानेच सांगितलं. थेंब, चष्मा, दोन पट्ट्या, सगळं. शेवटी म्हटलं, "तुझे दाणे ठीक होते. पहिल्यापासून ठीक होते. चूक माझी."

त्याने हातातली यंत्राची गाळणी वर धरली. "मी हे तीनदा उघडलं," तो म्हणाला. "काही सापडेना. वाटलं, मलाच दिसत नाही."

"तुझे दाणे तू रोज हाताळतोस! तुला माहीत नव्हतं का, ते कोरडे आहेत ते?"

"माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बघितलं म्हणालीस."

माझा तोल गेला. म्हटलं, "मी म्हणाले म्हणून काय झालं? मी काय देव आहे? तोंड दिलंय ना तुला? शिव्या दे! काहीतरी फेकून मार! अठरा वर्षं मी एकटीच बरोबर असायचा कंटाळा आला मला!"

तो शांतपणे म्हणाला, "काका पन्नास वर्षं दाणे सुकवतायत. मी त्यांना सांगितलं, तुमच्या हातून चूक झाली. त्यांनी टोपी घेतली आणि गेले. त्या दिवसापासून माझ्याकडे जेवायला आले नाहीत."

मग त्याने गाळणी फेकली. माझ्यावर नाही, भिंतीवर. ती पंख्याला लागून दारापर्यंत घरंगळत गेली. "तुझ्यामुळे!" तो ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्यालाही आवाज नवीन वाटला असावा, दचकला. पण थांबला नाही. काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. त्यातलं बरंचसं पट्टीबद्दल नव्हतं. बरंचसं खरं होतं. एका जागी तो चुकत होता, फ्लॅटच्या बाबतीत, पण मी बोलले नाही.

शेवटी दोघांनाही धाप लागली. मी म्हटलं, "साचा परत आणते. काम परत घे. लिआव साहेबांशी मी बोलते."

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मशीन मी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामाला लावलंय, औषधांच्या डब्यांची झाकणं काढतोय. आणि आता काकांकडे जायचंय मला. शटर ओढून घे जाताना."

आणि गेला. मला एकटीला तिथे ठेवून! मी शटर ओढलं. ते नेहमीसारखंच मध्ये अडकलं.

१७ ऑगस्ट, सोमवार

डिर्कसेनला मीच लिहिलं, लिआव साहेबांना न विचारता. पट्टी ओतणाऱ्याची चूक नव्हती, माझ्या गोंदाची होती, आधीचा अहवाल चुकीचा, सोबत दोन पट्ट्यांचे फोटो. पाठवल्यावर साहेबांना प्रत दिली. त्यांचा चेहरा सांगण्यासारखा नाही.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

भुतांचा महिना चालू आहे, म्हणून कंपनीच्या दारात भटक्या भुतांसाठी टेबल मांडलं. फळं, नूडल्स, शीतपेयांचे डबे, हातपाय धुवायला पाण्याचं भांडं आणि टॉवेल. साहेब उदबत्ती धरून माझ्या शेजारी उभे होते, पण बोलत नव्हते. दोन आठवडे होत आले, चिठ्ठ्यांवर चाललंय.

डिर्कसेनचं उत्तर आजच आलं. निम्मी मागणी त्यांनी रद्द केली. उरलेली पोलादी पट्टी तपासून मग ठरवतील. खाली एक ओळ: "असं पत्र मला यापूर्वी कुणी पाठवलेलं नाही, त्यामुळे ते कोणत्या फायलीत ठेवावं हे कळत नाही." साहेबांनी ते वाचलं आणि उदबत्ती लावता लावता म्हणाले, "निम्मी म्हणजे निम्मी. तुम्हाला काढून टाकलं तर पोलादी पट्टी काढणार कोण?" म्हणजे नोकरी आहे.

२४ सप्टेंबर, गुरुवार

पोलादी पट्टी उतरली! या वेळी नट फिरणारच नाहीत, कारण नटाचा दांडा चौकोनी, भोकही चौकोनी. आणि स्क्रूला मधे खांदा आहे, ठरल्या जागी टेकला की पुढे जातच नाही, माणसाने कितीही जोर लावू दे. गोंद नाही, थेंब नाही. झुओने आठवडाभर हलवली, तापवली, गारठवली, पाडली. या खेपेला कारखान्यातून जशी बाहेर पडते तशीच, पूर्ण जोडून. हिरमुसून म्हणाली, "तुटतच नाही मेली."

फक्त पोलाद बोर्डाला टेकू नये म्हणून मधे पातळ प्लास्टिकची चौकट हवी. साहेब म्हणाले, "फान साहेबांना विचारा." मी म्हटलं, तुम्ही विचारा. ते म्हणाले, मी कशाला, तांत्रिक प्रश्न आहे.

६ ऑक्टोबर, मंगळवार

जिनशुइने चौकटीचं काम घेतलं, पण अटी ऐका. निम्मे पैसे आगाऊ. आणि या चौकटीला तुम्ही काय काय लावणार, पुसणार, चिकटवणार, ते सगळं रेखाचित्रावर लिहून द्यायचं. माझ्याकडून! मी लिहून दिलं, अगदी जोडणी करणाऱ्या मुलींच्या हाताला लावायच्या क्रीमपर्यंत.

आज रेखाचित्र परत आलं. मी काढलेल्या चौकटीच्या आतल्या कोपऱ्यावर लाल पेनाने गोल, शेजारी त्याच्या त्या बसक्या अक्षरात: "फार टोकदार. इथून तुटेल. काकांचंही हेच मत." काका कामावर परतले म्हणायचे.

मी ताबडतोब फोन लावला. सांगितलं की कोपरा गणिताने काढलाय. तो म्हणाला, गणित राहू दे, प्लास्टिक माझ्याकडे आहे. मी म्हटलं, कोपरा गोल केला तर तो बोर्डावरच्या भागाला लागेल. तो म्हणाला, नाही लागत, बोर्ड समोर घेऊन बसलोय. मी म्हटलं, चुकीचा बोर्ड घेऊन बसला असशील. तो म्हणाला, "शिउछिन, तू चुकतेयस," आणि मागून काकांचा आवाज आला, "सांग तिला, सांग!"

चहाची वेळ उलटून गेली तरी भांडण चालूच. झुओ दोनदा दारात येऊन बघून गेली. एवढा वेळ आम्ही लग्नात सलग कधी बोललो नव्हतो. शेवटी त्याने फोन आपटला.

तो साफ चुकतोय, माझी खात्री आहे. तरीही उद्या दोन्ही कोपरे करून बघायला सांगितलेत. निकाल लागला की सानछोंगला मी स्वतःच जाऊन सांगेन, फोनवर हा माणूस ऐकून घेत नाही.

येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून गोमांसाचे नूडल्स आणले. त्या दुकानाला एवढी चव कधीपासून आली कोण जाणे, दोन वाट्या खाल्ल्या. आचारी बदलला असावा.